बरोबरीच्या जाळ्यावरील सभा : शोध आणि प्रवेश

प्रास्ताविक

२०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी सुरू झाली आणि ज्या सभा, अभ्यासवर्ग व व्याख्याने आजवर सभागृहात, शाळेच्या वर्गात किंवा एखाद्या सभासदाच्या ओसरीवर होत असत, ती एकाएकी मोबाईलच्या पडद्यावर आली. टाळेबंदी उठली, परंतु ऑनलाईन सभा राहिली. पुण्यात शिकणारा विद्यार्थी, गावी असलेले त्याचे शिक्षक आणि आखातात नोकरीस असलेला सभासद एकाच वेळी एका चर्चेस बसू शकतात, ही सोय लहान नव्हे. मात्र ज्या दारातून आपण या सभेला जातो ते दार कोणाच्या मालकीचे आहे, त्या दारावर कोण नोंद ठेवतो आणि उद्या मालकाने ते बंद केले तर आपली सभा कोठे भरेल, या प्रश्नांचा विचार फारसा होताना दिसत नाही.

प्रस्तुत लेखात अशा सभांचा विचार करावयाचा आहे की ज्यांत मधला मालक शक्यतो नसतो. अशा व्यवस्थेस पिअर-टू-पिअर, म्हणजे बरोबरीच्या नात्याचे जाळे असे म्हणतात. अशा जाळ्यावर सभा सापडते कशी आणि तीत प्रवेश कसा होतो, हे समजून घेणे हा लेखाचा उद्देश आहे. प्रस्तुत लेखक संगणकशास्त्राचा पदवीधर नसून कला शाखेतून शिकून बँकेत लिपिकाचे काम करणारा आहे. त्यामुळे उदाहरणे बँकेच्या काऊंटरवरची असतील. वाचकांनी ती गोड मानून घ्यावीत.

दोन प्रकारची जाळी

बँकांचे धनादेश वटविण्यासाठी क्लिअरिंग हाऊस असते. पूर्वी प्रत्येक बँकेने आपले धनादेश तेथे आणावयाचे, तेथे देवघेव करावयाची आणि परत न्यावयाचे, अशी रीत होती. ही पद्धत सोपी होती. सर्वांना एकच पत्ता ठाऊक असला म्हणजे भागे. परंतु क्लिअरिंग हाऊस एक दिवस बंद राहिले तर सर्व बँकांचे काम अडे आणि कोणी कोणास किती दिले याची संपूर्ण माहिती त्या एका ठिकाणी असे. झूम किंवा गुगल मीटवरील मोठी सभा या जातीची आहे. सर्वांचा आवाज व चित्र कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तेथून सर्वांना वाटले जाते.

दुसरी पद्धत म्हणजे दोन शाखांनी एकमेकींशी थेट व्यवहार करणे. यात मध्यवर्ती कार्यालय लागत नाही, परंतु एक नवा प्रश्न उभा राहतो. समोरची शाखा आहे कोठे, तिचा पत्ता कोणी सांगायचा आणि तेथे असलेला माणूस खरोखर त्याच शाखेचा आहे हे कसे ओळखायचे? बरोबरीच्या जाळ्याचा सारा इतिहास हा या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा इतिहास आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पूर्वपीठिका

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर नावाची गाण्यांच्या देवघेवीची सेवा सुरू झाली. गाणी लोकांच्या संगणकांवरच राहत, परंतु कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर असे. न्यायालयीन लढाईनंतर जुलै २००१ मध्ये ती यादी बंद झाली आणि गाणी जेथल्या तेथे असूनही सारे जाळे संपले. यातून पहिला धडा मिळाला. वस्तू सर्वांकडे वाटलेली असली तरी यादी एकाच हातात असेल, तर जाळे त्या हाताचेच असते.

२००० साली आलेल्या नुटेला या जाळ्याने यादीच काढून टाकली. प्रत्येक संगणक आपल्या शेजाऱ्यास विचारी, शेजारी त्याच्या शेजाऱ्यास विचारी. गावात हरवलेल्या गुराची चौकशी करावी तसा हा प्रकार. गाव लहान असेपर्यंत ठीक. गाव मोठे झाले की चौकशीच्या गोंगाटानेच रस्ते भरून जातात.

यावरचा सुबक तोडगा २००२ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील पेटार मायमुनकोव्ह व डेव्हिड मॅझिएर्स यांनी मांडला. त्याचे नाव कॅडेमलिया. त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

स्काईपचा धडा

बरोबरीच्या जाळ्यावरील संभाषण सामान्य माणसापर्यंत प्रथम नेले ते स्काईपने. निक्लास झेनस्ट्रॉम व यानुस फ्रिस यांनी एस्टोनियातील तंत्रज्ञांच्या साहाय्याने ऑगस्ट २००३ मध्ये ते सुरू केले. खात्याची ओळख पटविण्याचे काम कंपनीचा सर्व्हर करी. परंतु कोण कोठे आहे ही माहिती वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर विभागलेली असे. ज्यांचा संगणक दमदार व इंटरनेट चांगले, असे संगणक आपोआप 'सुपरनोड' होत आणि इतरांचा भार वाहत. संस्थेत जसे काही कार्यकर्ते न सांगता जास्त काम ओढतात, तशीच ही व्यवस्था होती.

१६ ऑगस्ट २००७ रोजी हे जाळे कोसळले आणि सुमारे दोन दिवस पूर्ववत झाले नाही. विंडोज प्रणालीच्या सुधारणेनंतर जगभरातील असंख्य संगणक थोड्याच अवधीत बंद होऊन पुन्हा सुरू झाले. भार वाहणारे सुपरनोडही त्यांतच होते. एकीकडे सर्वजण एकदम आत येऊ पाहत होते व दुसरीकडे वाट दाखविणारे कमी पडले. त्यातच स्काईपच्या प्रणालीतील एक दोष उघडा पडला. डिसेंबर २०१० मध्येही सुपरनोड मोठ्या संख्येने बंद पडल्याने सेवा सुमारे एक दिवस विस्कळीत झाली.

२०११ साली मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्ज डॉलरला स्काईप विकत घेतले. २०१२ मध्ये सुपरनोडचे काम कंपनीने आपल्या स्वतःच्या यंत्रांवर नेले. त्यामुळे स्थैर्य वाढले, पण बरोबरीचे नाते संपत गेले. अखेरीस ५ मे २०२५ रोजी स्काईप कायमचे बंद झाले. ज्या संस्थांचा सभेचा पत्ता केवळ स्काईपवरच होता, त्यांना नवा पत्ता शोधावा लागला. भार काही थोड्यांवरच पडला तर जाळे मोडते, आणि मोडू नये म्हणून ते एका मालकाच्या स्वाधीन केले तर ते त्याच्या मर्जीवर राहते. विद्यार्थ्यांनी या उदाहरणातील दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात.

पत्ता कसा सापडतो?

आता कॅडेमलियाकडे वळू. या पद्धतीत प्रत्येक संगणकास १६० अंकी द्विमान क्रमांक असतो, म्हणजे केवळ ० व १ यांनी लिहिलेला. ज्याचा शोध घ्यावयाचा त्यालाही तसाच क्रमांक असतो. संपूर्ण यादी कोणाकडेच नसते. प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या जवळपासचे बरेच आणि दूरचे थोडे पत्ते लक्षात ठेवावयाचे, एवढाच नियम.

येथे 'जवळ' म्हणजे भूगोलातील जवळ नव्हे. दोन क्रमांक एकाखाली एक मांडावेत. जेथे अंक सारखे तेथे ० आणि जेथे वेगळे तेथे १ लिहावा. येणारी संख्या हे त्यांचे अंतर. उदाहरणार्थ ५ म्हणजे ०१०१ आणि ७ म्हणजे ०१११. यांचे अंतर ००१०, म्हणजे २. आता ५ व १३ घ्या. १३ म्हणजे ११०१. अंतर १०००, म्हणजे ८. म्हणून या हिशेबात ५ ला ७ जवळचा व १३ दूरचा. कोल्हापूरचा संगणक नागपूरच्या संगणकाचा शेजारी असू शकतो आणि एकाच घरातील दोन संगणक परस्परांपासून फार दूर असू शकतात.

एखादा क्रमांक शोधताना आपण आपल्या माहितीतील त्याच्या सर्वांत जवळच्या संगणकास विचारतो. तो त्याहून जवळचे पत्ते देतो. प्रत्येक टप्प्यास उरलेले अंतर साधारण निम्मे किंवा त्याहून कमी होते. दहा लाख संगणकांचे जाळे असले तरी २ चा २० वा घात १०,४८,५७६ होतो, म्हणून वीसेक टप्प्यांच्या आत शोध लागावा. एवढ्या मोठ्या गावात इतक्या थोड्या चौकशीने घर सापडते, हेच या पद्धतीचे सामर्थ्य.

नव्या माणसाला सुरुवातीस निदान एक ओळखीचा पत्ता लागतो. बँकेत खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागत असे, तसेच हे. हा पहिला पत्ता बहुधा ॲपमध्येच लिहिलेला असतो.

एक मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. या जाळ्यात नेमका क्रमांक दिला तरच शोध लागतो. "रविवारची अभ्याससभा" असे लिहून येथे काही सापडत नाही; एक अक्षर चुकले तरी हाती शून्य. म्हणजे सभेचा पत्ता बाहेरूनच मिळवावा लागतो. संस्थेचा सूचनाफलक, निमंत्रणपत्रिका, फोन किंवा प्रत्यक्ष भेट, हीच त्याची साधने. यंत्र कितीही पुढे गेले तरी माणसाने माणसाला कळविण्याची गरज संपलेली नाही.

दारापर्यंत पोहोचणे

क्रमांक सापडला तरी दार उघडेलच असे नाही. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली आहे. या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे अनेक यंत्रे एकाच बाहेरच्या पत्त्याआड राहतात. घरातील वायफायवर हीच व्यवस्था असते आणि मोबाईल कंपन्या तर असंख्य ग्राहकांना अशा मोजक्या पत्त्यांआड ठेवतात. नवी पत्तापद्धत फार मोठी आहे व तिचा प्रसारही होत आहे, परंतु जुनी अजून गेलेली नाही.

मोठ्या इमारतीच्या पहारेकऱ्याची कल्पना करा. आतून पाठविलेल्या पत्राचे उत्तर आले तर तो आत सोडतो, कारण त्याच्या वहीत नोंद असते. अनोळखी पत्र मात्र तो परत पाठवितो. दोन्ही सभासद अशा पहाऱ्याआड असतील तर बोलणे सुरू कोणी करायचे? यावर तीन उपाय योजले जातात.

(१) प्रथम बाहेरच्या एका यंत्रास विचारावयाचे की, "मी बाहेरून कोणत्या पत्त्यावर दिसतो?" या चौकशीस स्टन म्हणतात.

(२) मग दोघांनी एकाच सुमारास एकमेकांच्या बाहेरच्या पत्त्यावर पत्र धाडावयाचे. दोन्ही पहारेकऱ्यांच्या वहीत नोंद होते आणि समोरून आलेले पत्र उत्तर समजून आत सोडले जाते.

(३) तेही न जमल्यास मधल्या एका यंत्रामार्फत निरोप न्यावयाचे. यास टर्न म्हणतात. हा निरोप्या बंद पाकीट वाहून नेतो. पाकिटातील मजकूर त्यास वाचता येत नाही, परंतु पाकीट कोणाकडून कोणाकडे गेले हे त्यास दिसते.

हे सर्व मार्ग क्रमाने तपासून उत्तम मार्ग निवडण्याच्या पद्धतीस आईस हे नाव आहे. ही सर्व खटपट ॲप स्वतः करते. सभेत शिरताना चक्र फिरत राहते त्या काही सेकंदांत बहुधा हेच चाललेले असते. ब्राउझरमध्येही ही सोय असते, ती वेबआरटीसी या तंत्रामुळे. गुगलने ते २०११ साली सर्वांसाठी खुले केले व जानेवारी २०२१ मध्ये त्यास अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली.

प्रत्यक्ष प्रवेश : दोन उदाहरणे

पहिले उदाहरण जामी या मुक्त सॉफ्टवेअरचे. ते कॅनडातील माँट्रियल येथील एका कंपनीने उभे केले असून ते ग्नू प्रकल्पाचा भाग आहे. २०१८ पर्यंत त्याचे नाव रिंग होते. ते विनामूल्य आहे. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे.

खाते उघडताना फोन क्रमांक किंवा ईमेल लागत नाही. आपल्या यंत्रावरच किल्ल्यांची एक जोडी तयार होते. एक किल्ली गुप्त राहते व दुसरी उघड असते. बँकेतील नमुना सही सर्वांस दाखविता येते पण सही करणारा हात आपलाच, तसेच हे नाते आहे. या किल्लीवरून ४० अक्षरांची ओळख तयार होते. ती हाताने उतरवून घेण्यापेक्षा तिचे चौकोनी क्यूआर चिन्ह दाखविणे सोयीचे. हवे असल्यास सोपे नावही नोंदविता येते. ओळख जोडून विनंती पाठवावयाची व समोरच्याने ती स्वीकारली की संभाषण सुरू होते.

संगणकावर एखाद्या खात्यास कायमचे सभास्थान करता येते. मग त्या खात्यास जो जो फोन लावील तो आपोआप सभेत येतो. मात्र तो संगणक त्या वेळी चालू असला पाहिजे, हे उघडच आहे. एकाच वायफायवर असलेली यंत्रे इंटरनेट नसतानाही एकमेकांस शोधू शकतात. वसतिगृहात किंवा शिबिरात याचा उपयोग होण्यासारखा आहे. परंतु गुप्त किल्ली हरवली आणि तिची प्रत ठेवलेली नसेल तर खाते परत मिळत नाही. येथे तक्रार नेण्यास शाखाधिकारी नाही. म्हणून खाते उघडल्याच दिवशी त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी.

दुसरे उदाहरण जित्सी मीटचे. याचा आरंभ २००३ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्याने केला. ही पद्धत मध्यम मार्गाची आहे. सभेत दोघेच असतील तर शक्यतो त्यांचे आवाज व चित्र थेट जातात. तिसरा आला की सर्वांचे प्रवाह एका सर्व्हरवरून वाटले जातात. प्रवेश दुव्याने किंवा सभेच्या नावाने होतो. म्हणून "अभ्यासवर्ग" असे सोपे नाव देऊ नये, कारण तेच नाव टाकून कोणीही आत येऊ शकतो. लांब, अंदाज न येणारे नाव द्यावे व त्यास परवलीचा शब्द जोडावा. जित्सीच्या सार्वजनिक सेवेवर ऑगस्ट २०२३ पासून सभा सुरू करणाऱ्यास खात्याने प्रवेश करावा लागतो, पाहुण्यांस नाही. एखाद्या संस्थेस हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरही बसविता येते.

खर्चाचे गणित

बरोबरीचे जाळे म्हणजे फुकटचे जाळे, असा समज होऊ नये. सर्व्हरचा भार कमी झाला की तो आपल्या डेटावर येतो. पाच जणांची सभा घ्या व प्रत्येक चित्रप्रवाह सेकंदास १ मेगाबिट माना. असा एक प्रवाह तासभर चालला तर ४५० मेगाबाईट खर्च होतात.

सर्वांनी सर्वांशी थेट जोडून घेतल्यास १० जोडण्या होतात. प्रत्येकास चार प्रवाह पाठवावे व चार घ्यावे लागतात. म्हणजे दर तासास प्रत्येकाचे ३,६०० मेगाबाईट. मधल्या सर्व्हरवरून वाटप झाल्यास एक पाठविणे व चार घेणे, म्हणजे २,२५० मेगाबाईट. जामीमध्ये यजमानाचा संगणक सर्वांची चित्रे एकत्र करून एकच प्रवाह परत पाठवितो. तेव्हा सभासदास एक पाठविणे व एक घेणे, म्हणजे ९०० मेगाबाईट पुरतात. यजमानावर मात्र ३,६०० चा भार पडतो. दहा जण थेट जोडले गेले तर जोडण्या ४५ होतात. म्हणूनच बरोबरीची पद्धत लहान सभेस शोभते आणि मोठ्या सभेस कोणाला तरी भार उचलावा लागतो.

केवळ आवाजाची सभा घेतल्यास चित्र पालटते. सेकंदास ४० किलोबिट धरल्यास एका प्रवाहाचे तासाला १८ मेगाबाईटच होतात. ज्या विद्यार्थ्याकडे दिवसाला जेमतेम एक-दीड गिगाबाईट डेटा आहे आणि त्यातूनच महाविद्यालयाचा अभ्यासही करावयाचा आहे, त्याला सभेत ठेवावयाचे की बाहेर, हे आपल्या कॅमेऱ्यांवर अवलंबून असते. वक्त्याखेरीज इतरांनी कॅमेरा बंद ठेवणे ही अशा वेळी शिस्त नव्हे, बंधुभाव आहे.

सावधगिरी

पहिली गोष्ट, थेट जोडणीत समोरच्या यंत्रास आपला इंटरनेट पत्ता कळू शकतो आणि त्यावरून आपली कंपनी व साधारण परिसर यांचा अंदाज येतो. ओळखीच्यांच्या सभेत याने बिघडत नाही; अनोळखी व्यक्तींच्या सभेत विचार करावा. विशेषतः विद्यार्थिनींना याची कल्पना आयोजकांनी आधीच द्यावी.

दुसरी गोष्ट, निमंत्रणाचा दुवा ही किल्ली आहे. तो जाहीर ठिकाणी टाकणे म्हणजे सभागृहाची किल्ली फाटकावर टांगणे होय. सभेची वेळ व विषय खुशाल जाहीर करावे. दुवा नोंदणी केलेल्यांसच द्यावा.

तिसरी गोष्ट, समोरची ओळख खरी आहे ना हे निदान एकदा फोनवर किंवा भेटीत पडताळावे. अनोळखी सही आपण काऊंटरवर स्वीकारत नाही, मग पडद्यावर का स्वीकारावी?

चौथी गोष्ट कायद्याची. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेचे कारण देऊन १४ संदेश ॲप बंद केली. त्यांत ब्रायरसारखे बरोबरीच्या जाळ्यावर चालणारे ॲपही होते. म्हणून संस्थेने कोणतेही ॲप निवडताना ते त्या वेळी देशात वापरण्यास मोकळे आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

निष्कर्ष

सर्व सभा उद्यापासून बरोबरीच्या जाळ्यावर न्याव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. दोनशे श्रोत्यांच्या व्याख्यानास मध्यवर्ती सेवाच सोयीची. परंतु पाच-सात जणांची अभ्यासमंडळी, विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयी दिलेला सल्ला किंवा एखाद्या कुटुंबाची अडचण ऐकून घेण्याची बैठक यांची नोंद दूरच्या कंपनीकडे राहण्याचे कारण नाही. आपल्या सभेस कोण आले होते, हे आपल्या हजेरीपटावर असावे, हा आग्रह रास्त आहे.

त्यासाठी संस्थेतील दोन विद्यार्थ्यांनी हे तंत्र शिकून घ्यावे, महिन्यातून एक लहान सभा या पद्धतीने भरवून पाहावी आणि ज्येष्ठ सभासदांच्या शेजारी बसून त्यांना पहिल्यांदा आत न्यावे. स्काईपचे जाळे मोठे असूनही भार वाहणारे थोडे होते म्हणून ते कोसळले. आपल्या मंडळात भार वाहणारे हात वाढले तरच अशी सभा टिकेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. नॅपस्टर बंद झाले तेव्हा गाणी लोकांकडेच होती. मग जाळे का संपले?
२. कॅडेमलियाच्या हिशेबाने ६ व ९ यांचे अंतर काढा. ६ ला ४ जवळचा की ९?
३. स्टन व टर्न यांतील फरक पहारेकऱ्याच्या उदाहरणाने सांगा.
४. आठ जणांनी सर्वांशी थेट जोडून घेतल्यास किती जोडण्या होतील? प्रत्येकाचा तासाचा डेटा किती?
५. आपल्या मंडळाच्या कोणत्या सभा मध्यवर्ती सेवेवर व कोणत्या बरोबरीच्या जाळ्यावर घ्याव्यात? कारणे द्या.